कोटेशनमधली एक ओळ: सीसीटीव्हीची भाषा पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

“२ एमपी बुलेट, ३.६ एमएम, आयआर २० मी., डीडब्ल्यूडीआर, एच.२६५, आयपी६६, ८ चॅनल १०८०एन, १ टीबी.”

आमच्या इमारतीत कॅमेरे बसवायचे ठरले तेव्हा आलेल्या कोटेशनमधली ही ओळ. समितीत माझं नाव होतं म्हणून कागद माझ्याकडे आला. मी ती ओळ दोनदा वाचली, सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि सही केली. पाच महिन्यांनी पहाटे तीनच्या सुमारास खालून एक दुचाकी चोरीला गेली. सहाच्या सहा कॅमेरे चालू होते, रेकॉर्डिंगही शाबूत होतं. त्यात दिसलं काय, तर एक माणूस दुचाकी ढकलत फाटकाकडे चाललाय, चेहऱ्याच्या जागी पांढुरका ठिपका आणि नंबरप्लेटच्या जागी लख्ख पांढरा चौकोन.

असंच दिसणार हे त्या ओळीत आधीच लिहिलेलं होतं. मला ती वाचता येत नव्हती, एवढंच. आता येते, म्हणून तीच ओळ इथे सोडवून दाखवते. क्रम मात्र कोटेशनचा ठेवलेला नाही. खरेदी करणाऱ्याने ज्या क्रमाने विचार करायला हवा, तो ठेवलाय.

हाताशी काय हवं

खरेदीआधी: जागेचा हाताने काढलेला नकाशा, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर, प्रत्येक मॉडेलची डेटाशीट, आणि कॅमेरा लावायच्या जागी रात्री उभं राहून काढलेले मोबाईलचे फोटो.

बसवताना: मल्टिमीटर, धारदार चाकू, रिकामा पेनड्राइव्ह. चाकू कशाला, ते सहाव्या पायरीत.

डेटाशीट म्हणजे कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेलं दोन-चार पानांचं तपशीलपत्रक. खोक्यावरच्या स्टिकरवर विसंबू नका. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा, कारण कधीकधी एका अक्षराच्या फरकाने लेन्सच वेगळी असते.

पायरी १: “क्लिअर दिसेल ना?” हे विचारणं सोडा

मी हेच विचारलं होतं. उत्तर आलं, “एकदम क्लिअर.” ते खोटंही नव्हतं. माणूस आहे हे क्लिअर दिसत होतंच की. कोण आहे ते दिसत नव्हतं.

या दोन गोष्टींतला फरक आकड्यात मांडता येतो. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत पातळ्या ठरवून दिल्या होत्या. त्यांतल्या चार पातळ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘डोरी’ म्हणतात: डिटेक्शन, ऑब्झर्व्हेशन, रेकग्निशन, आयडेंटिफिकेशन. मोजायचं एकक आहे मीटरमागे पिक्सेल. म्हणजे ज्या जागी माणूस उभा आहे, तिथला एक मीटर रुंदीचा पट्टा चित्रात किती पिक्सेलमध्ये बसतो.

२५ पिक्सेल मिळाले तर कुणीतरी आहे एवढं कळतं. ६२ च्या आसपास कपडे आणि हालचाल लक्षात येते. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखू येतो, म्हणजे “हा तर तिसऱ्या मजल्यावरचा” असं म्हणता येतं. आणि पूर्ण अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर २५० लागतात.

नकाशावर प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागी या चारपैकी एक आकडा लिहा. सगळीकडे २५० लिहायचा मोह होईल, तो आवरा. मोकळ्या आवारात २५ किंवा ६२ पुरतात. जिथून प्रत्येकाला जावंच लागतं तिथे, म्हणजे फाटक, जिना, लिफ्टचं दार, एवढ्याच ठिकाणी २५० धरा. चोर आवारात कुठेही फिरो, बाहेर पडताना फाटकातूनच जाणार (भिंतीवरून उडी मारून गेला तर दुचाकी तरी मागे राहील).

सापळा: डेटाशीटमध्ये डोरीचा तक्ता असतो आणि त्यात “ओळख पटेल” असं अमुक मीटर अंतर छापलेलं असतं. तो भूमितीचा हिशेब आहे. त्यात अंधार, धुकं, काचेवरची धूळ, काही काही धरलेलं नसतं.

पायरी २: मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे बघा, आणि रेकॉर्डरचेही

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, हे मोबाईलमुळे सगळ्यांना माहीत असतं. नेहमी भेटणारी मापं अशी: १०८०पी म्हणजे १९२० × १०८०, सुमारे २ मेगापिक्सेल. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेकदा २५६० × १४४० देतो. ५ चा २५९२ × १९४४. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, त्यालाच ८ मेगापिक्सेल म्हणतात. आपल्या हिशेबाला यातला पहिला, म्हणजे आडवा आकडा लागतो.

आता ‘१०८०एन’ कडे बघा. ‘पी’ च्या जागी ‘एन’. मला ती टंकलेखनातली चूक वाटली होती! तो ‘एन’ सांगतो की रेकॉर्डर (सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारं खोकं) उंची पूर्ण १०८० ठेवतो, पण रुंदी जवळपास निम्मी करून, ९६० च्या आसपास साठवतो. पडद्यावर दाखवताना ते चित्र पुन्हा ताणून रुंद केलं जातं, म्हणून बघणाऱ्याला काही कमी झाल्याचं जाणवत नाही. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, जपून ठेवलेलं चित्र एकाचं. ‘५ एमपी लाइट’ हाही याच घराण्यातला. तिथे २५९२ चे १२८० होतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: “सगळे चॅनल चालू असताना, प्रत्येक चॅनलवर, रेकॉर्डिंग किती बाय कितीचं होईल आणि किती फ्रेमचं?” (‘चॅनल’ म्हणजे रेकॉर्डरवर एका कॅमेऱ्याची जागा; ‘फ्रेम’ म्हणजे व्हिडिओतलं एक सुटं चित्र, आणि ती सेकंदाला किती, ते विचारायचं.) उत्तर लेखी घ्या. काही रेकॉर्डर पूर्ण रिझोल्यूशन देतात, पण त्या बदल्यात फ्रेम कमी करतात.

पायरी ३: एमएम म्हणजे डोळे किती विस्फारलेले

लेन्सपुढचा २.८, ३.६, ६, १२ हा आकडा फोकल लेंग्थचा. आकडा लहान तेवढा देखावा रुंद आणि माणूस लहान. आकडा मोठा तेवढा पट्टा अरुंद आणि माणूस मोठा. साधारण १/२.८ इंच सेन्सर (लेन्समागची उजेड टिपणारी चिप) असेल तर २.८ एमएमला शंभरेक अंश दिसतात, ३.६ ला ऐंशीच्या आसपास, ६ ला पन्नास आणि १२ ला पंचवीसेक.

अंशांपेक्षा मला हा ठोकताळा जास्त उपयोगी पडला: कॅमेऱ्यापासूनचं अंतर मीटरमध्ये घ्या, ५.५ ने गुणा, लेन्सच्या एमएमने भागा. त्या अंतरावर किती मीटर रुंदीचा पट्टा दिसेल ते येतं. हा गुणक वरच्या आकाराच्या सेन्सरसाठी आहे. रुंद लेन्सचं चित्र कडांना वाकतं, तिथे प्रत्यक्षात आणखी थोडं जास्त दिसतं. पण अंदाजाला पुरेसं आहे.

आता आमच्या दुचाकीचा हिशेब. कॅमेऱ्यापासून फाटक १२ मीटरवर. १२ गुणिले ५.५ भागिले ३.६, म्हणजे साधारण १८ मीटरचा पट्टा. रेकॉर्डिंगची रुंदी ९६०. भागाकार आला ५३. म्हणजे मीटरमागे ५३ पिक्सेल. माणसाचा चेहरा सोळाएक सेंटिमीटर रुंद धरला तर त्या अख्ख्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे आठ पिक्सेल. डोळे, नाक, तोंड, मिशी, सगळं मिळून आठ ठिपके. यातून कोण काय ओळखणार?

पुढचं गणित जास्त चटका लावणारं आहे. कॅमेरा तसाच २ मेगापिक्सेलचा, फक्त लेन्स १२ एमएमची आणि रेकॉर्डिंग पूर्ण १९२० चं असतं, तर पट्टा साडेपाच मीटरचा आणि मीटरमागे सुमारे ३५० पिक्सेल मिळाले असते. उलट ३.६ ऐवजी २.८ ची लेन्स असलेला ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला असता, तरी १६० च्या आसपासच थांबलो असतो. मेगापिक्सेल वाढवण्याचा आग्रह सगळेच धरतात, लेन्सबद्दल बोलायला कुणी तयार नसतं. मला विचाराल तर आधी लेन्स ठरवा.

याच पायरीतले आणखी शब्द. ‘व्हेरिफोकल’ म्हणजे २.८ ते १२ सारख्या पट्ट्यात लेन्स जुळवून घेता येते. फाटकासाठी हीच घ्या, बसवल्यावर अंदाज चुकलेला कळला तरी सुधारता येतं. ‘मोटराइज्ड’ असेल तर हेच काम शिडीवर न चढता होतं. ‘ऑप्टिकल झूम’ काचा हलवून चित्र मोठं करतो. ‘डिजिटल झूम’ आहेत तेच पिक्सेल फुगवून दाखवतो, तो जमेस धरू नका. ‘पीटीझेड’ कॅमेरा मान वळवतो आणि झूम करतो, पण डावीकडे बघत असताना उजवीकडचं त्याला दिसत नाही. लक्ष ठेवायला माणूस बसणार नसेल तर तो एकटा पुरत नाही.

उंचीचंही भान ठेवा. कॅमेरा पाच मीटरवर टांगला तर तोडफोडीपासून वाचतो खरा, पण खालून जाणाऱ्यांच्या टोप्या आणि टकलंच दिसतात. चेहऱ्यासाठी अडीच ते तीन मीटर बरं.

पायरी ४: रात्रीचे शब्द

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. दुकानात डेमो दिवसा उजेडी असतो ना!

‘आयआर’ म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारे दिवे. ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधारात अंधूक लालसर ठिपके दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. संध्याकाळी कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो, तो आतला आयआर-कट फिल्टर सरकल्याचा. दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून तो आयआर अडवतो आणि रात्री बाजूला होतो, त्यासरशी चित्र काळं-पांढरं होतं.

‘आयआर २० मी.’ म्हणजे वीस मीटरवर चेहरा दिसेल, असं मी समजले होते. त्याचा अर्थ एवढाच की तिथवर थोडाफार उजेड पोचतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे जवळचा माणूस भाजल्यासारखा पांढरा आणि लांबचा काळोखात, असं होतं. ‘स्मार्ट आयआर’ जवळ कुणी आलं की दिव्यांचा जोर कमी करतो. असेल तर चांगलंच.

नंबरप्लेट पांढरी का झाली? बऱ्याच प्लेटांचा पृष्ठभाग उजेड आला त्याच दिशेला परत फेकणारा असतो. कॅमेऱ्याचे आयआर दिवे लेन्सच्या बाजूलाच. त्यांचा उजेड प्लेटवर आपटून सरळ लेन्समध्ये परतला आणि आकडे धुऊन गेले. प्लेट वाचायची असेल तर त्यासाठी वेगळा कॅमेरा, लांब लेन्स आणि १/५०० किंवा त्याहून जलद शटर लागतं. तो कॅमेरा बाकी सगळं काळं दाखवतो, आणि ते तसंच अपेक्षित असतं. एकाच कॅमेऱ्याकडून चेहरा आणि प्लेट दोन्हीची अपेक्षा रात्री धरू नका.

शटरचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करण्यासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा १/२५ सेकंद. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. म्हणजे एका फ्रेमच्या काळात तो साडेपाच सेंटिमीटर सरकला, चेहऱ्याच्या एक तृतीयांश. मीटरमागे २५० पिक्सेल मिळत असले तरी तो चेहरा चौदा पिक्सेल फासला जाणार. डेमोमध्ये माणूस नेहमी स्थिर उभा असतो, त्यामुळे हे कळतच नाही. त्याला चालायला सांगा.

‘लक्स’ म्हणजे उजेडाचं माप. पौर्णिमेचं चांदणं ०.१ ते ०.३ लक्सच्या घरात असतं. डेटाशीटवर ‘०.००५ लक्स’ दिसलं तर शेजारी शटर आणि एफ-नंबर लिहिलाय का ते बघा. नसेल तर आकडा निरर्थक. ‘० लक्स, आयआर चालू’ हे तर कुठल्याही आयआर कॅमेऱ्यावर लिहिता येतं. ‘एफ-नंबर’ लहान तेवढी लेन्स जास्त उजेड घेते: एफ/१.० ला एफ/२.० च्या चौपट. आणि सेन्सरचा आकार अपूर्णांकात असतो, म्हणून १/१.८ इंच हा १/२.८ पेक्षा मोठा. अंधारात मोठा सेन्सर केव्हाही बरा. तेवढ्याच सेन्सरवर जास्त मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो, म्हणून ८ मेगापिक्सेल रात्री कधीकधी ४ पुढे हरतात. यावर सगळ्यात सोपा उपाय कॅमेऱ्यात नाहीच: फाटकावर एक चांगला दिवा लावा.

सापळा: कॅमेऱ्याच्या शेजारी भिंत, छज्जा किंवा कोळिष्टक असेल तर आयआर तिथेच आपटतो. समोर पांढरं धुकं आणि खाली काहीच नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घुमटाकार ‘डोम’ कॅमेऱ्याच्या कवचावर बोटांचे ठसे राहिले तरी असंच होतं. ‘टरेट’, म्हणजे खोबणीत बसवलेल्या उघड्या चेंडूसारख्या कॅमेऱ्यात दिव्यांपुढे असं कवच नसतं, म्हणून बाहेरच्या जागांसाठी मी आता तोच सुचवते. (आमच्या ओळीतला ‘बुलेट’ म्हणजे नळीसारखा लांबट कॅमेरा.)

पायरी ५: उजेड समोरून येतो तेव्हा

काचेच्या दारातून आत येणारा माणूस काळी सावली होऊन दिसतो. त्यावर उपाय ‘डब्ल्यूडीआर’: कॅमेरा कमी आणि जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन त्यांचं एक चित्र बनवतो. डेटाशीटवर १२० डीबी किंवा त्या आसपासचा आकडा दिसायला हवा. आमच्या ओळीत होतं ‘डीडब्ल्यूडीआर’. पहिला ‘डी’ डिजिटलचा. म्हणजे एकाच फ्रेमचे काळे भाग नंतर उजळवायचे. जे टिपलंच नाही ते उजळून काय दिसणार? ‘बीएलसी’ मागून उजेड असताना मधला भाग उजळवतो, ‘एचएलसी’ हेडलाइटसारखे झगझगाट दाबतो. ‘डीएनआर’ रात्रीची मुंग्यांसारखी खरखर पुसतो. फार वाढवला तर चालत्या माणसाची भुतासारखी शेपूट उरते, मध्यम ठेवा.

पायरी ६: तार कुठली, वीज कुठून

‘डीव्हीआर’ ला ॲनालॉग कॅमेरे जोडतात. कोॲक्सिअल केबल (टीव्हीच्या केबलसारखी गोल तार), टोकाला बीएनसी नावाचा जोड. चित्र तारेतून सिग्नल म्हणून येतं आणि त्याची फाइल रेकॉर्डरमध्ये बनते. ‘एनव्हीआर’ ला आयपी कॅमेरे जोडतात. इथे कॅमेराच फाइल बनवून नेटवर्कच्या तारेतून पाठवतो. ॲनालॉगमध्येही टीव्हीआय, सीव्हीआय आणि एएचडी अशा पोटजाती आहेत, त्या रेकॉर्डरला चालतात का ते बघून घ्या. ‘एक्सव्हीआर’ नावाने विकले जाणारे रेकॉर्डर बहुतेकदा सगळ्यांना सांभाळून घेतात. जुन्या तारा भिंतीत चांगल्या असतील तर ॲनालॉगला नाक मुरडू नका. नवीन काम असेल तर आयपी घ्या.

आयपीत ‘पीओई’ हा शब्द येतो: एकाच नेटवर्क तारेतून चित्र आणि वीज. मानकं तीन. ८०२.३एएफ पोर्टमागे १५.४ वॉट देतं, एटी ३० वॉट आणि बीटी त्याहून जास्त. कॅमेऱ्यापर्यंत थोडी कमी पोचते. तार जास्तीत जास्त १०० मीटर. स्विच (या सगळ्या नेटवर्क तारा जिथे जोडतात ते खोकं) घेताना पोर्टची संख्या मोजून थांबू नका, एकूण पीओई बजेट बघा. आठ पोर्ट आणि ६० वॉट असेल तर दहा-दहा वॉटचे आठ कॅमेरे त्यावर चालणार नाहीत. ‘पॅसिव्ह पीओई’ पासून चार हात दूर राहा. त्यात समोर काय जोडलंय हे न विचारता वीज सोडली जाते आणि उपकरण जळू शकतं.

आता चाकूची गोष्ट. आमचा मागच्या बाजूचा एक कॅमेरा रोज संध्याकाळी सातच्या आसपास बंद पडायचा, पुन्हा चालू व्हायचा, पुन्हा बंद. सकाळी ठणठणीत. बसवणाऱ्याने दोनदा कॅमेरा बदलला. शेवटी मी मल्टिमीटर घेऊन कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजलं: दिवसा ११, अंधार पडल्यावर ८. कॅमेऱ्याला हवे १२. आयआर दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, चाळीस मीटर बारीक तारेत व्होल्टेज पडतं, कॅमेरा विझतो. विझला की दिवेही विझतात, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा पुन्हा सुरू. तार सोलून चाकूने खरवडली तर तांब्याच्या रंगाखाली चांदीसारखा पांढरा धातू. ‘सीसीए’, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट. कोटेशनमध्ये तारेची जातच लिहिलेली नव्हती. तुम्ही लिहून घ्या: ‘शुद्ध तांबं’, आणि तार आल्यावर बसवणाऱ्यांसमोरच खरवडा.

पायरी ७: किती दिवसांचं साठेल

लागणारे शब्द चार. ‘एफपीएस’ म्हणजे सेकंदाला फ्रेम. माणसांसाठी १२ ते १५ भरपूर. ‘कोडेक’ म्हणजे चित्र दाबून लहान करायची पद्धत. एच.२६४ हे २००३ चं, एच.२६५ हे २०१३ चं, आणि तेवढ्याच दर्जासाठी नवं जवळपास निम्म्या जागेत भागवतं. ‘बिटरेट’ म्हणजे सेकंदाला किती डेटा. आणि ‘सीबीआर’ असेल तर तो ठरावीक, ‘व्हीबीआर’ असेल तर हालचालीप्रमाणे कमी-जास्त.

बिटरेट एमबीपीएसमध्ये असतो, आणि तो बिटमध्ये असतो, बाइटमध्ये नाही. आठ बिटांचा एक बाइट. सरळ गणित: १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. आमचे सहा कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसवर, म्हणजे दिवसाला सुमारे १३० जीबी. १ टीबीची डिस्क (रेकॉर्डर ती ९३१ जीबी दाखवतो, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी) सातेक दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहायला लागते. आम्हाला तोंडी सांगितलं होतं, “महिनाभर राहतं.” हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड केलं तर राहीलही. पण वाऱ्याने हलणारं झाडही हालचालच असतं.

‘मेन स्ट्रीम’ साठवायचं मोठं चित्र, ‘सब स्ट्रीम’ मोबाईलवर बघायचं लहान. रेकॉर्डिंग चुकून सब स्ट्रीमवर ठेवलेलं नाही ना, हे स्वतः बघा. डिस्क पाळत-यंत्रणेसाठी बनवलेली घ्या, ती दिवसरात्र लिहीत राहण्यासाठीच असते. संगणकाची जुनी काढून लावू नका.

पायरी ८: खोक्यावरचे शिक्के

‘आयपी६६’ मधल्या आयपीचा ‘आयपी कॅमेऱ्या’शी काही संबंध नाही. पहिला ६ धूळ आत जात नाही असं सांगतो, दुसरा पाण्याचा जोरदार फवारा सोसतो असं. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण कॅमेऱ्याच्या शेपटीला जो जोड असतो त्याला हे संरक्षण आपोआप मिळत नाही, तो जंक्शन बॉक्समध्ये बंद करा. आमच्याकडे पहिल्या पावसात कॅमेरे टिकले आणि जोड गंजले. ‘आयके१०’ म्हणजे २० जूलचा दणका सोसणारं कवच, हात पोचेल अशा जागी कामाचं.

‘ऑनव्हिफ’ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी एकमेकांची भाषा समजावी म्हणून ठरवलेले नियम. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ही संस्था सुरू केली. नुसतं ‘ऑनव्हिफ’ पुरत नाही, प्रोफाइल विचारा: एस साध्या व्हिडिओसाठी, टी मध्ये एच.२६५ वगैरे, जी रेकॉर्डिंगसाठी. एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरला जोडला तर चित्र येतं, पण ‘माणूस ओळखा’, ‘रेषा ओलांडली’ यांसारख्या सूचना बऱ्याचदा येत नाहीत.

पायरी ९: मोबाईलवर बघायचं असेल तर

‘क्लोज्ड सर्किट’ म्हणजे चित्र आपल्याच तारांत राहणं. मोबाईलवर बघायला लागलात की ते सर्किट बंद राहिलं नाही, हे गृहीत धरूनच पुढे जा.

‘पीटूपी’ मध्ये क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणी होते. सोपं आहे, पण त्या कंपनीवर भरवसा हवा. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणजे राउटरमध्ये बाहेरच्या जगासाठी एक खिडकी उघडणं. कुणी “स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्या, पोर्ट उघडून देतो” म्हणालं तर नको म्हणा. जमत असेल तर ‘व्हीपीएन’, म्हणजे इंटरनेटवरून आपल्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट, वापरा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ (Dyn) या कंपनीवर हल्ला होऊन अनेक मोठी संकेतस्थळं काही तास अडली. तेव्हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि ॲडमिनचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे न ठेवता स्वतःकडे ठेवा. शेजाऱ्याची खिडकी चित्रात येत असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ लावा, तेवढा भाग काळा होतो.

पायरी १०: शेवटचे पैसे देण्याआधी

दुसऱ्यांदा काम करून घेतलं तेव्हा मी रात्री साडेदहाला चाचणी ठेवली. बसवणारे कुरकुरले, पण आले. फाटकातून एकाला नेहमीच्या चालीने जायला सांगितलं, एकाला दुचाकी घेऊन, दिवा लावून आणि मग विझवून. थेट पडद्यावर न बघता रेकॉर्डिंग उघडून बघितलं, कारण पुढे कामाला येणार तेच. फ्रेम थांबवून चेहरा बघितला. मग तोच तुकडा पेनड्राइव्हवर घेतला आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला. काही रेकॉर्डरची फाइल त्यांच्याच प्लेअरमध्ये चालते, तो प्लेअरही तेव्हाच सोबत घ्यावा लागतो.

शेवटी मी रेकॉर्डरची वायर काढली आणि पाच मिनिटांनी परत लावली. सगळे कॅमेरे आपोआप आले, रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख आली १ जानेवारी २०००. खोकं उघडून आतला नाण्याएवढा सेल बदलला, वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळावी म्हणून ‘एनटीपी’ चालू केलं, वायर पुन्हा काढली, पुन्हा लावली. तारीख बरोबर आली. मग सही केली.